कूलर सुरू झाला की गालिच्यावरचा जुना डाग पुन्हा का उमटतो

नागपुरात एप्रिलमध्ये कूलरच्या ताट्यांत नवा वाळा भरला जातो, आणि त्यानंतर तीन-चार आठवड्यांत बैठकीतल्या गालिच्यावरचा एखादा जुना, केव्हाच निघून गेला असे समजलेला डाग नेमक्या त्याच जागी पुन्हा दिसू लागतो. आमच्या घरी हे सलग चार उन्हाळे घडले. डाग तर्रीचा होता. रविवारी सकाळी पाहुण्यांसाठी आणलेल्या पोह्यांसोबतची तर्रीची वाटी सोफ्याच्या हातावरून घरंगळली आणि फिकट बदामी गालिच्यावर ताटलीएवढा लाल ओघळ पसरला. पहिल्या वर्षी आम्ही तो धुण्याच्या पावडरीने घासून काढला. दुसऱ्या वर्षी गालिचे धुऊन देणाऱ्या एका व्यावसायिकाला बोलावले. तिसऱ्या वर्षी व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून ओतला. फेस पाहून समाधान वाटले, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना निकामी करतात आणि शेवटी सोडियम ॲसिटेटचे साधे खारट पाणी उरते, ही शाळेतली गोष्ट त्या वेळी कोणालाच आठवली नाही. दर वेळी डाग गेला आणि दर वेळी परत आला.

चौथ्या वर्षी आम्ही डागावरची औषधे शोधणे थांबवले आणि गालिचाच उलटापालटा करून पाहिला. विकताना दुकानदाराने ‘वुलन फिनिश’ असे सांगितले होते. प्रत्यक्षात लोकरीचा एक तंतूही त्यात नव्हता. लव, म्हणजे वरचे उभे धागे, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची होती, मागच्या बाजूला लेटेक्सचा, म्हणजे रबरासारख्या चिकट द्रव्याचा, थर होता आणि त्यावर तागाचे जाळीदार अस्तर होते. हे कळल्यावर चार वर्षांचे सारे अपयश पायरीपायरीने समजत गेले. डाग कशाचा आहे हे प्रत्येक जण विचारतो, पण तो कोणत्या तंतूवर आहे आणि त्या तंतूखाली काय आहे हे विचारल्याशिवाय कोणताही उपाय अंदाजानेच केला जातो. पुढील विवेचन यंत्रावर विणलेल्या कृत्रिम धाग्यांच्या गालिच्यांपुरते आहे. भदोही-मिर्झापूरकडचे हाताने विणलेले लोकरी गालिचे हा वेगळा विषय असून यांतील काही उपाय लोकरीला अपायकारक ठरतील.

डाग परततो तो कसा, हे आधी पाहावे

परत येणारे सगळे डाग सारखेच दिसतात, पण त्यांच्या परतण्याची वेळ आणि रंग यांवरून कारण बऱ्याच अंशी ओळखता येते. धुतल्यानंतर गालिचा वाळता वाळताच, म्हणजे एक-दोन दिवसांत, डाग मूळ रंगात वर आला तर तो खालच्या अस्तरातून चढलेला असतो. तीन-चार आठवड्यांनी हळूहळू करडा, मळकट ठिपका तयार झाला आणि त्याला मूळ डागाचा रंग नसला तर तिथे साबण उरलेला आहे किंवा तंतूत तेल मुरलेले आहे, आणि ठिपका म्हणजे त्यावर बसलेली नवी धूळ आहे. डागापेक्षा कितीतरी मोठा, वेड्यावाकड्या कडांचा तपकिरी पट्टा उमटला तर संशय तागाच्या अस्तरावर घ्यावा. डाग गेलाच नाही, फक्त फिका होऊन त्याच रंगछटेत थांबला, तर रंग तंतूच्या आत बसला आहे.

याशिवाय दोन प्रकार असे आहेत की ते मुळात डागच नसतात. खिडकीकडे तोंड करून पाहिले तर गडद आणि उलट्या बाजूने पाहिले तर फिकट दिसणारा भाग म्हणजे चेपलेली लव होय. प्रकाश तंतूच्या बाजूवरून परततो की टोकाच्या कापावरून, एवढाच तो फरक असतो. दुसरा प्रकार म्हणजे लोखंडी कपाट किंवा दिवाण ओढताना उठलेली चकचकीत रेघ. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते, त्यामुळे वजनदार वस्तू जोरात ओढल्यास घर्षणाच्या उष्णतेनेही तंतूंची टोके एकमेकांना चिकटतात. ही रेघ कोणत्याही द्रावणाने जात नाही. बारीक कात्रीने टोके छाटणे एवढाच इलाज उरतो.

धागा ओळखणे

मागची चिठ्ठी शाबूत असल्यास काम सोपे असते. तिच्यावर ‘पीपी’ असे लिहिलेले असल्यास पॉलिप्रॉपिलीन, ‘पीईएस’ किंवा ‘पीईटी’ असल्यास पॉलिएस्टर आणि ‘पीए’ असल्यास पॉलिअमाइड, म्हणजेच नायलॉन, असा अर्थ घ्यावा. चिठ्ठी नसेल तर गालिच्याच्या आतल्या, सोफ्याखाली दडणाऱ्या कोपऱ्यातून लवेचा एक झुबका कापून घ्यावा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा आणि झुबका पाण्याखालीच बोटांनी दाबून त्यातली हवा काढून टाकावी. हवा राहिली तर कोणताही धागा तरंगतो आणि परीक्षा खोटी ठरते. पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे ०.९१ आहे, म्हणजे ते पाण्यापेक्षा हलके आहे, त्यामुळे सोडताच वर येते. नायलॉन १.१४, ॲक्रिलिक १.१७ आणि पॉलिएस्टर १.३८ असल्यामुळे हे तिन्ही तळाशी जातात. आमच्या घरी या एका पेल्याने ‘वुलन फिनिश’चा निकाल लावला.

बुडालेल्या धाग्यांत भेद करायचा असेल तर ज्वालेची परीक्षा करावी लागते. ती गच्चीवर किंवा अंगणात, स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धागा धरून आणि शेजारी पाण्याचे भांडे ठेवूनच करावी. धूर जवळून हुंगू नये, कारण ॲक्रिलिकच्या धुरात विषारी वायू असतात. वास दुरूनच कळतो. नायलॉन वितळत जळते, हिरव्या भाजीचे देठ करपावेत तसा वास येतो आणि थंड झाल्यावर फिकट करडा, कडक मणी उरतो. पॉलिएस्टर काळा काजळीचा धूर सोडते, वास काहीसा गोडसर येतो आणि मणी गडद असतो. ॲक्रिलिक भरभर पेटते आणि काळा, ओबडधोबड, कुस्करला जाणारा गोळा मागे ठेवते. पॉलिप्रॉपिलीनचा वास नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीसारखा असतो. जळक्या केसांचा वास आला तर लोकर समजावी. जळक्या कागदाचा वास आणि मऊ राख आढळली तर तो कापूस, ताग किंवा व्हिस्कोज आहे. ‘आर्ट सिल्क’ आणि ‘बांबू सिल्क’ या नावांनी विकले जाणारे झगझगीत गालिचे बहुधा व्हिस्कोजचे निघतात. ते पाण्याने पिवळे पडतात आणि त्यांची लव ओली होताच दुबळी होते, म्हणून त्यांच्यावर यांपैकी कोणताही ओला उपाय घरी करू नये.

एक सावधगिरी आवश्यक आहे. अलीकडे एकाच गालिच्यात पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएस्टर यांचे धागे वेगवेगळ्या रंगांसाठी वापरलेले आढळतात, त्यामुळे ज्या रंगावर डाग आहे त्याच रंगाचा झुबका तपासावा.

तंतूचा स्वभाव आणि डागाची वाट

एखादा तंतू हवेतली आर्द्रता किती धरून ठेवतो, यावर त्याचे डागाशी असलेले नाते बरेचसे ठरते. प्रमाणित हवेत, म्हणजे ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत, लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी धरते, नायलॉन साधारण ४ टक्के, ॲक्रिलिक दीड ते दोन टक्के, पॉलिएस्टर अवघे ०.४ टक्के आणि पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ शून्य. शून्य हा आकडा ऐकून दुकानात ‘डाग धरतच नाही’ असे सांगितले जाते, आणि चहा किंवा सरबत यांच्या बाबतीत ते पुष्कळसे खरेही आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या रेणूत रंगाला धरून बसता येईल अशी जागाच नसते. त्यामुळे त्याला कापडासारखे रंगाच्या हौदात बुडवून रंगवता येत नाही. वितळलेल्या अवस्थेतच त्यात रंगद्रव्य मिसळून मग तंतू ओढले जातात. त्याचा रंग म्हणूनच गाजरासारखा आरपार असतो, मुळ्यासारखा वरवरचा नसतो.

मात्र या तंतूची दुसरी बाजू नागपूरकरांनी लक्षात ठेवावी अशी आहे. पाण्याला दूर ठेवणारा पॉलिप्रॉपिलीनचा तंतू तेलाला मात्र जवळ करतो, कारण दोघेही हायड्रोकार्बनी वळणाचे आहेत. तर्री, सावजी रस्सा, पाटवडीचा रस्सा यांतल्या तेलात मिरचीचा लाल रंग विरघळलेला असतो, आणि ते तेल गरम असताना सांडले तर तंतूच्या पृष्ठभागावर न थांबता आत शिरते. साबणाचे पाणी त्याच तंतूत शिरू शकत नसल्यामुळे बाहेरचे तेल निघते आणि आतले राहते. राहिलेले तेल पुढे आठवडेभर धूळ पकडत बसते. त्यातही सावजी स्वयंपाकात पूर्वापार वापरले जाणारे जवसाचे तेल हे चित्रकारांच्या रंगांत वापरले जाणारे वाळणारे तेल आहे. हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन ते घट्ट होते, पिवळे पडते आणि मग कशातच सहज विरघळत नाही. सोयाबीनचे तेलही सावकाश का होईना, त्याच वाटेने जाते. तेलाचा डाग ‘दिवाळीच्या साफसफाईत पाहू’ म्हणून ठेवणे सर्वांत महागात पडते ते यामुळेच. पहिल्या दोन दिवसांत निघणारा डाग दोन महिन्यांनी रंगाच्या थरासारखा होतो.

पॉलिएस्टरची गोष्ट यापेक्षा फार निराळी नाही. तोही तेलाकडे ओढला जातो, पाण्यातले रंग फारसे घेत नाही, आणि बाजारातले लांब लवेचे मऊ ‘शॅगी’ गालिचे बव्हंशी त्याचेच असतात. हळद मात्र त्याला आवडते. हळदीतले कर्क्युमिन हे पाण्यात न विरघळणारे लहान रेणूंचे रंगद्रव्य आहे, आणि पॉलिएस्टर कारखान्यात ज्या प्रकारच्या रंगांनी रंगवले जाते त्यांच्याशी त्याचे वागणे मिळतेजुळते आहे.

नायलॉन या सगळ्यांहून वेगळे आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेला हा धागा गालिच्यासाठी आजही सर्वांत टिकाऊ मानला जातो, कारण चेपल्यावर पुन्हा उभे राहण्याची त्याची ताकद इतरांपेक्षा अधिक आहे. पायाखाली वर्षानुवर्षे असणाऱ्या कार्यालयांतल्या गालिच्यांच्या चौकोनी फरश्या बहुधा त्याच्याच असतात. पण त्याच्या रेणूसाखळीच्या टोकांना अमाइन हे नायट्रोजनयुक्त गट असतात आणि ते आम्लधर्मी रंगांना पकडतात. मिठाई, जिलेबी आणि रंगीत सरबते यांत वापरले जाणारे सनसेट यलो, टार्ट्राझीन, कार्मोइझीन हे रंग नेमके त्याच जातीचे आहेत. त्यामुळे बाटलीतले नारिंगी सरबत नायलॉनवर सांडले तर आपण नकळत गालिचा रंगवत असतो. ताज्या संत्र्याच्या रसाचा त्रास वेगळा आहे: त्याचा रंग सौम्य असतो, पण त्यातली साखर मागे राहून चिकट होते.

यातून व्हिनेगरविषयीचा एक मोठा गैरसमज दूर व्हावा. नायलॉन रंगवताना रंगाच्या हौदात आम्ल घालावेच लागते, कारण आम्लामुळे रंग तंतूवर पक्का बसतो. नायलॉनवरच्या रंगीत सरबताच्या ताज्या डागावर लिंबू पिळणे किंवा व्हिनेगर ओतणे म्हणजे रंगाऱ्याचे उरलेले काम आपण पूर्ण करणे होय. तिथे साधे थंड पाणी आणि पांढरे फडके यांनीच सुरुवात करावी.

मग कूलरचा संबंध काय?

डागाचे द्रव लवेतून खाली उतरते ते लेटेक्सपर्यंत आणि पुष्कळदा त्याखालच्या अस्तरापर्यंत. आपण वरून घासतो तेव्हा लवेची वरची अर्धी उंची स्वच्छ होते आणि ओतलेले पाणी खालचा साठा पातळ करून ठेवते. वाळताना पाणी वरच्या टोकांवरून उडते, त्याच्या जागी खालचे पाणी दिव्याच्या वातीतल्या तेलासारखे वर चढते, आणि सोबत आणलेला रंग टोकाला ठेवून निघून जाते. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएस्टर स्वतः पाणी पीत नसल्यामुळे त्यांच्या तंतूंमधल्या फटींतून ही चढाई विशेष सहजपणे होते. व्यावसायिकाने धुऊन दिलेला आमचा गालिचा दुसऱ्या दिवशीच पुन्हा लाल झाला तो याच कारणाने. त्याने पाणी भरपूर वापरले होते आणि ते पुरेसे ओढून घेतले नव्हते.

कूलर या गोष्टीला दोन बाजूंनी हातभार लावतो. खिडकीला लावलेल्या कूलरच्या झोतातून बारीक तुषार येतात आणि गालिच्याची त्या बाजूची कड रोज किंचित ओली होऊन रोज वाळते, म्हणजे वातीला रोज थोडे पाणी मिळते. दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. मार्चमधल्या कोरड्या हवेत लवेवर उरलेला साबण आणि साखर कोरड्या पुडीसारखी पडून असतात आणि कोणाला त्रास देत नाहीत. कूलरच्या दमट हवेत तीच पुडी ओलावा शोषून चिकट होते. बाहेरची हवा खेचणारा कूलर रस्त्यावरची बारीक धूळही आत आणतो, कारण वाळ्याच्या ताट्या मोठे कण अडवतात, बारीक अडवत नाहीत. चिकट जागा आणि धूळ एकाच महिन्यात एकत्र आल्यावर जुन्या डागाचा नकाशा पुन्हा काढला जातो. जुलैत पाऊस लागल्यावर काही घरांत हेच दुसऱ्यांदा घडते.

दुरुस्ती

आधी साबण काढावा, मग डागाकडे वळावे. हा क्रम उलटा केल्यास श्रम वाया जातात. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे पांढरे व्हिनेगर घालावे, सुती फडके त्यात बुडवून घट्ट पिळावे आणि डागाच्या जागी दाबून दाबून टिपावे. घासू नये, कारण घासल्याने वळलेल्या धाग्याचा पीळ सुटतो आणि तिथे कायमची पिंजलेली जागा दिसते. फडक्यावर फेस किंवा बुळबुळीतपणा येत असेल तर तो जुना साबण आहे; तो यायचा थांबेपर्यंत पाणी बदलत राहावे. आमच्या गालिच्यातून पहिल्या वर्षीच्या पावडरीचा फेस सहा वेळा पाणी बदलेपर्यंत येत होता. नायलॉनवर रंगीत सरबताचा डाग असेल तर या पाण्यात व्हिनेगर घालू नये, हे वर आलेच आहे. गालिच्यासाठी धुण्याची पावडर वापरूच नये. ती तीव्र अल्कधर्मी असते, नीट निघत नाही आणि नायलॉनवर कारखान्यात दिलेला डागरोधक लेपही काढून टाकते. साबण लागलाच तर एक कप पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा पाव चमचा एवढेच प्रमाण पुरते. त्याहून अधिक साबण म्हणजे पुढच्या उन्हाळ्याची तरतूद.

अस्तरातून चढणाऱ्या डागासाठी त्याच्या चढण्याचाच उपयोग करून घ्यावा. जागा खालपर्यंत किंचित ओली करावी, तिच्यावर पांढऱ्या सुती टॉवेलची जाड घडी ठेवावी, घडीवर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर स्वयंपाकघरातला दगडी पाटा किंवा तसेच काही वजन ठेवून रात्रभर सोडावे. रंग लवेच्या टोकाला न थांबता टॉवेलमध्ये जातो. सकाळी घडी उचलली की तिच्यावरचा लालसर शिक्का पाहून खाली किती साठा होता याचा अंदाज येतो. शिक्का पुसट होईपर्यंत दोन-तीन रात्री हे करावे. त्यानंतर, गालिचा उचलण्याजोगा असेल तर, तो बाजेवर किंवा दोन बाकांवर लव खाली आणि पाठ वर करून वाळवावा, म्हणजे ओल पाठीकडे सरकते आणि उरलासुरला रंग पाहुण्यांना न दिसणाऱ्या बाजूला उमटतो.

वाळवण्याच्या बाबतीत नागपूरचा उन्हाळा हे वरदान आहे. मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास असताना सावलीतली कोरडी हवाही काही तासांत गालिचा खडखडीत करते. पावसाळ्यात त्याच कामाला दोन दिवस लागतात आणि तोवर अस्तराला कुबट वास येतो. मात्र तो थेट उन्हात टाकू नये, कारण अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलीनची साखळी तुटते आणि लव ठिसूळ होऊन गळू लागते. खोलीतच वाळवायचा असल्यास कूलरचा पंप बंद करून फक्त पंखा चालवावा. पाण्याविना चालणारा कूलर हा उत्तम आणि फुकटचा ब्लोअर आहे.

तेलाच्या डागावर पाण्याआधी कोरडा उपाय करावा. ताजे तेल चमच्याने उपसून घ्यावे, त्यावर मक्याचे पीठ किंवा टाल्कम पावडर दाबून तासभर ठेवावी आणि व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावी. मग पांढऱ्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कडेकडून मध्याकडे टिपत जावे. द्रावक फडक्यावरच घ्यावे, गालिच्यावर कधीही ओतू नये, कारण ते खाली गेल्यास लेटेक्स सैल होते आणि लवेचे झुबके निघू लागतात. ज्या जागी आम्ही पहिल्या वर्षी रॉकेल ओतले होते तिथे आजही बोट फिरवले की धागा हातात येतो. कागद ठेवून गरम इस्त्री फिरवण्याचा मेण काढण्यासाठीचा उपायही पॉलिप्रॉपिलीनवर करू नये. सुती कपड्यांच्या खुणेवर इस्त्री २०० अंशांच्या आसपास तापते आणि धाग्याचा वितळणबिंदू १६५ आहे, म्हणजे परिणाम काय होईल ते सांगायला नको. नायलॉन ६ सुमारे २२० आणि पॉलिएस्टर २५५ अंशांच्या आसपास वितळत असले तरी चकाकी त्यांच्यावरही येते.

हळदीचा डाग ओळखण्याची खूण सोपी आहे: साबण किंवा धुण्याचा सोडा लागताच तो लाल होतो आणि व्हिनेगरच्या पाण्याने पुन्हा पिवळा होतो. लाल झालेला पाहून घाबरून जोरात घासण्याची गरज नसते. कर्क्युमिन प्रकाशाने विघटित होते, म्हणून फिकट पॉलिएस्टरवरचा डाग आधी अल्कोहोलने टिपून मग काचेआडून येणाऱ्या उजेडात काही दिवस ठेवल्यास बराच उतरतो. औषधांच्या दुकानातले ‘२० व्हॉल्यूम’ हायड्रोजन पेरॉक्साइड सुमारे ६ टक्के असते. ते तेवढेच पाणी घालून, आधी दडलेल्या कोपऱ्यावर तपासून, लावता येते.

क्लोरीनच्या ब्लीचविषयी मतभेद ऐकू येतात, आणि त्यांचे मूळ पुन्हा तंतूतच आहे. रंगद्रव्य आतूनच मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन पातळ ब्लीच सहन करते. तेच ब्लीच नायलॉनचा तंतू आणि रंग दोन्ही बिघडवते, लोकर तर चक्क विरघळवते. तागाचे अस्तर असेल तर पॉलिप्रॉपिलीनवरही ते टाळलेले बरे. ब्लीच आणि अमोनिया किंवा ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. दोन्ही मिश्रणांतून घातक वायू निघतात.

तागामुळे आलेल्या तपकिरी पट्ट्यावर मात्र व्हिनेगर खरोखर उपयोगी पडते. ताग बराच वेळ ओला राहिला आणि त्यात अल्कधर्मी साबण असला की त्यातली तपकिरी द्रव्ये सुटून वर येतात. एक वाटी व्हिनेगर दोन वाट्या पाण्यात मिसळून फवाऱ्याने लवेच्या टोकांपुरतेच मारावे, दहा मिनिटांनी टिपावे आणि लगेच पंखा लावून वाळवावे. पुन्हा भिजेल इतके मारले तर पट्टा पुन्हा येतो.

नायलॉनमध्ये पक्का बसलेला सरबताचा रंग काढणारी क्षपणकारी रसायने व्यावसायिकांकडे असतात, पण ती गालिच्याचा मूळ रंगही काढू शकतात. अशा वेळी रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेसाठी दडलेल्या कोपऱ्यातून झुबके घेऊन ते डागाच्या जागी चिकटवणे अधिक सुरक्षित असते.

दारापाशी उमटणारी काळी रेघ

काही घरांत डाग सांडल्याविनाच येतो: बंद असणाऱ्या दाराच्या बरोबर खाली आणि भिंतीच्या कडेने एक काळी, सरळ रेघ दर उन्हाळ्यात गडद होत जाते. ती काही सांडल्याची नसून हवेची असते. कूलर खोलीत हवा भरत राहतो आणि समोरची खिडकी बंद असली की ती हवा दाराखालच्या फटीतून जोराने बाहेर पडते. वाटेत भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेल्या गालिच्याची लव गाळणीचे काम करते, आणि उदबत्ती, देवघरातला दिवा, रस्त्यावरच्या गाड्या यांची तेलकट काजळी तेलाची ओढ असलेल्या पॉलिप्रॉपिलीनवर बसते. ही काजळी ओली करू नये, कारण ती पसरते. आधी कोरडीच व्हॅक्यूम क्लीनरच्या चपट्या तोंडाने ओढावी आणि मग साबणाच्या सौम्य पाण्याने टिपावे. निम्मी-अधिक जाते, सगळी जात नाही.

आमच्याकडे गेल्या वर्षी कूलरच्या समोरची खिडकी हातभर उघडी ठेवायला सुरुवात केली. थंडावाही वाढला आणि दाराखालची रेघ तेवढ्यावर थांबली. गालिचा कूलरच्या झोतापासून तीन फूट मागे सरकवला. यंदाचा मे महिना उलटला तेव्हा तर्रीच्या जागी लाल रंग नव्हता. उजेडाकडे तोंड करून पाहिले तर पिवळसर छटेचा एक तळहाताएवढा भाग ओळखू येतो, आणि तो जवसाच्या तेलाचा असल्यामुळे आता तसाच राहणार आहे. त्यावर आम्ही तिवई ठेवली आहे.